दिगंबरकाकांना एकदा भेटा

नाही, पण मला एक सांगा, त्यात चूक कुठे होती? दाखवा ना कुणीतरी! एकतीस वर्षं मराठी शिकवलं मी, आठवी-नववीच्या पोरांच्या वह्या तपासून तपासून चष्म्याचा नंबर वाढवून घेतला, आणि ते पत्रक छापायला जायच्या आधी मी, मी स्वतः, तीनदा वाचलं होतं. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, अनुस्वार बरोबर, प्रश्नचिन्हं जागच्या जागी… तुम्हाला सांगते, शुद्धलेखनाची एक चूक नव्हती! आणि तरीसुद्धा सोमवारी सकाळी अकरा वाजता नारायण पेठेत आमच्या ह्यांच्या दुकानासमोर नऊ बायका उभ्या, आणि एकीच्याही हातात मिक्सर नाही!

आता तुम्ही म्हणाल, मिक्सर कुठून आला? तर तिथूनच सुरुवात आहे.

आमचे हे म्हणजे दिगंबर खांबेटे. चौतीस वर्षं एका कारखान्यात मोटारींचं वाइंडिंग केलं. माणूस हुशार, हात सोन्याचे, पण बोलणं? दिवसाला आठ-दहा शब्द. त्यात 'हं' तीनदा. निवृत्त झाले आणि कोथरूडच्या आमच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसले. पहिले पंधरा दिवस मला बरं वाटलं, म्हटलं, दमलेत, बसू दे. मग काय झालं, घरातल्या चालू वस्तू उघडायला लागले. चालू हं, बंद पडलेल्या नाहीत! पंखा चांगला फिरत होता, तो उतरवला. घड्याळ उघडलं. इस्त्री उघडली. मी म्हटलं, "अहो, तिला काय झालं होतं?" तर म्हणाले, "काही नाही. बघत होतो." आणि मग तो पाना हातात तसाच धरून म्हणाले, "आता मी कुणाला लागतो गं?"

तुम्हाला सांगते, भाजी चिरत होते ती सुरी मी खाली ठेवली. इतक्या वर्षांत हा माणूस एवढं बोलला नव्हता, आणि बोलला तर हे!

मग मीच खटपट केली. ह्यांचे शाळूसोबती श्यामराव, त्यांची नारायण पेठेत फोटोफ्रेमची जागा होती, ती बंद होती. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत बस तू इथे. जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर आमच्या जावयाला मोबाइलची कव्हरं विकायचीत." झालं. ह्यांनी दारावर पाटी लावली, 'मिक्सर दुरुस्त करून मिळेल', आणि रोज डबा घेऊन बसनं जायला लागले. संध्याकाळी आले की मी विचारायची, "आज कुणी आलं?" तर एकदा म्हणाले, "तिघं." मला कोण आनंद! म्हटलं, "कोण कोण?" म्हणाले, "एकानं पत्ता विचारला. एक जण छत्री विसरला. नंतर तोच ती न्यायला आला." म्हणजे तेसुद्धा दोनच झाले की हो!

असे दोन महिने. गणपती गेले, दिवाळी तोंडावर. ह्यांचा डबा अर्धा परत यायला लागला. आणि नेमकी तेव्हा हेमा आली. हेमा म्हणजे ह्यांची पुतणी, बाणेरला जाहिरातीच्या कंपनीत आहे. पोरगी गोड, पण बोलायला लागली की मधे कानामात्रा घालायला जागा ठेवत नाही. तिनं ती पाटी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"काका, यात इमोशन कुठाय? ब्रँड असा नाही होत! बझ पाहिजे, बझ!"

मी म्हटलं, "बझ म्हणजे काय गं?"

"म्हणजे काकू, लोक आपल्याबद्दल बोलले पाहिजेत. बिल्डिंगमध्ये, भाजी घेताना, सगळीकडे."

"म्हणजे बोभाटा."

"काकू, प्लीज!"

पण पोरीनं अभ्यास केला होता, ते मान्य केलं पाहिजे. तिनं ह्यांना समोर बसवून विचारलं, मिक्सर बिघडतो कुणाकडे, कधी, कशानं? आणि मग नकाशावर गोल काढला. म्हणाली, "सगळ्या पुण्याला ओरडून सांगायचं नाही. फोकस, काकू, फोकस! बायका, वय पस्तीस ते पासष्ट. नारायण पेठ, आजूबाजूच्या दोन पेठा आणि कोथरूडमधल्या तुमच्या ओळखीच्या पाच सोसायट्या, बस्स. वेळ, दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे, कारण तेव्हा घरोघरी मिक्सर राबतो आणि तेव्हाच बसतो. एक पत्रक या रविवारी, दुसरं पुढच्या रविवारी. पहिल्यात नुसती उत्सुकता, दुसऱ्यात उलगडा." मला तर पटलं बाई. धड्याची पूर्वतयारी आम्ही अशीच घ्यायचो.

आणि मग तिनं पहिलं पत्रक लिहिलं. म्हणूनच दाखवते, पाठ झालंय मला.

'लगेच तापतात? मधेच बंद पडतात? नुसतेच गुरगुरतात? जुने झाले म्हणून बदलू नका! दिगंबरकाकांना एकदा भेटा.'

खाली पत्ता आणि वेळ.

वर आधी 'तुमचे मिक्सर' असे दोन शब्द होते, बरं का. ते तिनं खोडले. म्हणाली, "पहिल्याच पत्रकात वस्तू सांगितली तर उत्सुकता कसली?" आणि मला विचारलं, "काकू, ग्रॅमर ओके?" आणि मी, एकतीस वर्षांची अनुभवी शिक्षिका, चष्मा नाकावर सरकवून म्हणाले, "कर्ता अध्याहृत आहे. चालतं!"

चालतं! अहो, मिक्सर पुल्लिंगी, अनेकवचनी 'तापतात'. पण आपल्या मराठीत आदरार्थी बहुवचन नावाची एक भानगड आहे, ती मी दर वर्षी फळ्यावर लिहून शिकवायची, आणि नेमकी त्या दिवशी विसरले! पस्तीस ते पासष्ट वयाची बाई रविवारी सकाळी चहा घेत 'लगेच तापतात, नुसतेच गुरगुरतात, जुने झाले' असं वाचते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर मिक्सर कशाला येईल? समोर पेपरमागे बसलेले असतात ना, तेच येणार!

तर सोमवारी नऊ बायका. मी मुद्दाम वही घेऊन गेले होते, कुणाचा मिक्सर, काय बिघाड, लिहून घ्यायला. ह्यांनी एवढी गर्दी बघितली आणि पठ्ठ्याचा चेहरा असा उजळला… एप्रन चढवला, कधी नव्हे तो केसांवरून हात फिरवला, आणि पहिल्या बाईंना म्हणाले, "या." मंदाकिनीबाई त्यांचं नाव, शनिवार पेठेतल्या.

"कुठे आहे?" हे म्हणाले.

"घरीच आहेत. म्हटलं, आधी एकटीनं येऊन बोलावं."

बाई 'आहेत' म्हणाल्या म्हणजे दोन-तीन असणार, खाणावळ असेल, असं ह्यांना वाटलं. विचारलं, "किती वर्षं झाली?"

"येत्या मार्गशीर्षात बत्तीस होतील."

"बत्तीस! मग मूळचा माल चांगला आहे."

"प्रश्नच नाही. आमच्या वडिलांनी चार ठिकाणी चौकशी करून घेतला होता."

"हं. तापतात कधी?"

"मी सुरू केल्या केल्या!"

"एका वेळी भार फार टाकता का?"

"आता दिवसभराचं साचलेलं असतं हो… संध्याकाळी टाकते सगळं एकदम."

"तिथेच चुकतं. थोडं थोडं टाकायचं. एक मिनिट चालवलं की दोन मिनिटं थांबायचं. आपोआप निवतात. आणि कोरडंच घालू नका, जरा ओलावा लागतो."

तशी मंदाकिनीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "ओलावाच राहिला नाही हो दिगंबरकाका!"

मी वहीत लिहीत होते, 'ओलावा नाही', आणि माझं पेन थांबलं. मागच्या बाकावर आठ बायका कान टवकारून! मी ह्यांना खुणा करतेय, डोळे मोठे करतेय, पण हे कुठले बघतात? गडी रंगात आला होता.

"ते होईल. बरं, अगदीच बंद पडले तर उलटे करायचे. तळाशी लाल बटण असतं, ते दाबायचं. दाबलंत कधी?"

काय सांगू तुम्हाला! रस्त्यावरच्या रिक्षासुद्धा थांबल्यासारख्या वाटल्या.

"तळाशी?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "ह्यांच्या?"

ह्यांनी वर बघितलं. बाईंकडे, माझ्याकडे, मागच्या आठजणींकडे. मग त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या. उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी मिक्सर दुरुस्त करतो."

मग काय! मागून एक आवाज आला, "मग तसं लिहायचं! आम्हाला काय ज्योतिष येतं?" दुसरी म्हणाली, "एवढं ऊन डोक्यावर घेऊन आले मी." तिसरीनं पत्रकाची चार वेळा घडी घातली आणि ती ह्यांच्या टेबलावर ठेवली, अगदी सावकाश, म्हणजे अपमान नीट पोचावा. पाच मिनिटांत दुकान रिकामं. मी एकटी वही घेऊन. मी म्हटलं, "अहो, पण चूक एकही नव्हती त्यात…" ह्यांनी एप्रन काढून खिळ्याला लावला.

फक्त मंदाकिनीबाई जाता जाता थांबल्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे ते थोडं थोडं टाकायचं, दोन मिनिटं थांबायचं, ते सगळं मिक्सरचं होतं?" हे म्हणाले, "हो." बाईंनी विचार केला. म्हणाल्या, "असू दे. लागू पडेलसं वाटतंय."

आणि बुधवारी त्या चिवड्याचा डबा घेऊन हजर! "अहो, मी एक मिनिट बोलले आणि थांबले. थांबलेच! तर ते पेपर खाली ठेवून चक्क म्हणाले, 'मग पुढे?' बत्तीस वर्षांत 'मग पुढे' ऐकलं नव्हतं मी!" आता ह्याला काय म्हणायचं? आणि ही गोष्ट त्या एकट्या मला सांगून थांबल्या असतील असं वाटतं तुम्हाला? शनिवार पेठेत? गुरुवारपर्यंत बाकावर पुन्हा पाच जणी! ह्यांनी दाराला कागद लावला, 'येथे फक्त मिक्सर'. तो वाचून बायका म्हणायच्या, "हो, हो, कळलं," आणि आत येऊन बसायच्या. हेमाचा फोन आला, "काका, बझ होतोय, बझ!" म्हटलं, बोभाटा होतोय, तू फोन ठेव.

त्याच गुरुवारी बायडाबाई आल्या. मांजरीहून. मांजरी हेमाच्या गोलात नव्हतीच, पण त्यांची लेक आमच्या शेजारच्या सोसायटीत राहते, तिनं पत्रक दिलं. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, आल्या त्या थेट ह्यांच्या समोरच्या स्टुलावर बसल्या.

हे म्हणाले, "बाई, मी मिक्सर दुरुस्त करतो."

"करा की. माझं कुठं न्हाई म्हननं हाय? पर आधी ऐकून तर घ्या."

आणि सांगायला लागल्या. त्यांचे मालक हिंदुराव. चाळीस वर्षं उसाची शेती केली. आता तिथे बारा मजली इमारती झाल्या. सातव्या मजल्यावर त्यांचं घर, सगळं छान, लिफ्ट बिफ्ट. "पर मालक सकाळी गॅलरीत बसत्यात ते दिवस मावळंपतुर. खाली बघत्यात, हितं हीर हुती, तितं बांध हुता. सा म्हैने झालं काका, व्हय न्हाई तर न्हाय, तिसरा शबुद न्हाई. तापतील तर बरं की वो! तापत बी न्हाईत."

ह्यांच्या हातात एक मोटर होती. ती त्यांनी खाली ठेवली. मी बघत होते. गॅलरी म्हटल्यावर ह्यांच्या तोंडावर जे आलं ना… मला आमची बाल्कनी दिसली, ती खुर्ची दिसली. मग म्हणाले, "घरी मिक्सर आहे?"

"हाय."

"बंद आहे?"

"न्हाई, झ्याक चालतुया."

"मग बंद पाडा. आणि त्यांच्याच हातानं इकडे पाठवा. तुम्ही येऊ नका."

तुम्हाला सांगते, आमच्या लग्नात नाव घेताना हा माणूस एवढं बोलला नव्हता!

दुसऱ्या दिवशी दुपारी हिंदुराव आले. उंचेपुरे, पांढरं धोतर, हातात पिशवी. पिशवी टेबलावर ठेवली आणि बसले. हे मिक्सर उघडायला लागले. दोघंही गप्प! मी डबा द्यायला गेले होते. दहा मिनिटं… पंधरा मिनिटं… एक माशी होती, तिचाच काय तो आवाज. शेवटी ह्यांनी तळाची पट्टी काढून मिक्सर त्यांच्यापुढे नुसता सरकवला. हिंदुराव वाकले. वायर बोटात धरली.

"ही तुटल्याली न्हाई," म्हणाले. "इळीनं कापलीय."

हे म्हणाले, "हं."

"आमच्या मंडळींचं काम हाय हे!"

"हं."

आणि मग तुम्हाला सांगते, त्या माणसाला हसू आलं. आधी खांदे हलले, मग मिशा हलल्या, मग आवाज आला. आमच्या ह्यांनाही हसू आवरेना. दोन म्हातारे एका कापलेल्या वायरीकडे बघून डोळे पुसतायत! हसून झाल्यावर हिंदुराव आतलं वाइंडिंग निरखत म्हणाले, "हातानं भरता? हिरीवरची मोटर म्या तीनदा भरलीय. पाच घोड्याची." ह्यांनी ड्रॉवर उघडला आणि दुसरा स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी डबा दोघांत संपला. आणि सोमवारपासून हिंदुराव रोज मांजरीहून दोन बसा बदलून यायला लागले.

आता उरलं दुसरं पत्रक. हेमा शनिवारी आली ती नाचतच. "काका, आपण ब्रँडच बदलू! 'दिगंबरकाका, नाती जोडून मिळतील.' फोटो टाकू तुमचा, खुर्चीत बसलेला, हनुवटीखाली हात!"

हे म्हणाले, "नाही."

"काका, मोमेंटम आहे! आता मिक्सर म्हटलं तर सगळा बझ जाईल!"

"जाऊ दे. मला येत नाही ते मी येतं म्हणून सांगणार नाही."

हेमानं माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं, लोक पुन्हा यायचे बंद झाले तर दिवाळीनंतर तिथे मोबाइलची कव्हरं लटकणार आणि हे परत बाल्कनीत. पण तो आवाज मी ओळखते. ह्यांनी माझी वही घेतली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मी मिक्सर दुरुस्त करतो. दि. वा. खांबेटे.' बस्स! कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं हजर. अध्याहृत काही म्हणजे काही नाही. मी त्यातला एकही शब्द हलवला नाही.

रविवारी ते पत्रक गेलं. मी देवापुढे बसून राहिले.

आणि सोमवारी? मिक्सर! खरोखरचे मिक्सर हो! पिशव्यांतून, खोक्यांतून, एक तर दुपट्यात गुंडाळून. आठवडाभरात सदतीस. मला वाटलं, सत्याचा विजय झाला. वहीत बिघाड लिहायला बसले, तर हे एकेक उघडतायत आणि हिंदुराव सांगतायत, "लिवा, इळी. हे बी इळी. ही कात्री. ही बघा, दातानं तोडलीया!" एकूण एक मिक्सर मुद्दाम बंद पाडलेला! आणि आणून देणारे सगळे नवरे! बायडाबाईंनी लेकीला सांगितलं, लेकीनं सोसायटीला, मंदाकिनीबाईंनी शनिवार पेठेला. पस्तीस ते पासष्ट वयाच्या बायकांत बातमी अशी पसरली की हेमाच्या कंपनीलाही जमणार नाही. त्या मला रस्त्यात गाठून म्हणायच्या, "'मी मिक्सर दुरुस्त करतो' असं लिहिलंय ना, किती नम्र आहेत हो! कळलं आम्हाला काय ते."

आणि आता तिथे काय चालतं माहितीये? दहा-बारा निवृत्त पुरुष गोल करून बसतात. कुणी वायर सोलतं, कुणी स्क्रू वेगळे करतं, आणि बोलतात. हो, बोलतात! श्यामरावांनी जावयाला दुसरीकडे जागा बघून दिली, आणि स्वतःच येऊन बसतात. ह्यांच्या डब्यात मी आता सहा पोळ्या देते.

नाही, मी तक्रार करत नाहीये. चांगलंच झालं. पण हे सकाळी नऊला जातात ते रात्री जेवायला येतात, जेवता जेवता डुलक्या घेतात. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, मी म्हटलं, सांगलीच्या बहिणीकडे जायचं ठरवायचंय, दहा मिनिटं तरी बोलावं ना ह्यांच्याशी! शेवटी परवा दुकानात फोन केला. हिंदुरावांनी उचलला. आता नंबर लावायचं काम त्यांच्याकडे आहे. सहा महिने न बोललेला माणूस, पण बोलण्याचा धडाका काय!

"हां, बोला! मिक्सर का?"

मी म्हटलं, "नाही हो, मला जरा दिगंबररावांशी बोलायचंय."

"सगळ्यांस्नीच बोलायचं आसतंय ताई. तरास काय हाय? तापत्यात का गुरगुरत्यात?"

"काहीच नाही हो. घरी असतच नाहीत!"

"आसं व्हय… बेस्तरवारी या. साडेतीनला." आणि मी पुढे काही बोलायच्या आत, "आन हे बघा, येकट्या येऊ नका. येताना मालकांस्नी संगं घिऊन या!" आणि ठेवला फोन.

तर उद्या गुरुवार. तीनला मी दुकानात जाणार, ह्यांना बाहेर काढणार, कोपऱ्यावर चहा पाजणार, आणि साडेतीनला परत घेऊन येणार. काय करता? नंबर मिळालाय तर घालवून कसं चालेल?